फ्लेक्सवरची विद्यार्थिनी

चीनमधल्या शाळांसाठी शिक्षक शोधणारे एजंट नाव विचारायच्या आधी पासपोर्ट कुठला ते विचारतात. मी "इंडियन" असं लिहिलं की पलीकडचं टायपिंग थांबायचं. काही जण "सॉरी" म्हणायचे, काही तेवढंही नाही. एकाने अगदी मनापासून सल्ला दिला, की लहानपण दक्षिण आफ्रिकेत गेलं असं सांगा, पालक खोलात जात नाहीत, तुमचे उच्चार चालून जातील. मी त्याचा फॉर्म उघडला. जन्मस्थान नाशिक, शाळा नाशिक, कॉलेज नाशिक, अनुभव नाशिक असं भरून त्याला परत पाठवला. त्याने मला ब्लॉक केलं.

तो फॉर्म मी जपून ठेवला आहे.

चीनच का, हे सगळ्यांनी विचारलं. दुबई म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. मावशी म्हणाली, "तिकडे खायचं काय तू?" आणि बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत, मग जेवताना म्हणाले, "युद्धबिद्ध झालं तर?" मी वाढून घेत राहिले. आमच्या घरी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा धरला जातो. बहुतेक वेळा तो तसा नसतो, पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

खरं कारण साधं होतं. मला शिकवायला आवडतं आणि नाशिकमध्ये मी शिकवत होते हे कोणाला माहीत नव्हतं.

गंगापूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. तिथे मी दोन वर्षं सात महिने होते. सकाळी सातची बॅच, अकराची बायकांची बॅच, संध्याकाळच्या दोन. क्लास सरांचा. बोर्डावर सरांचा फोटो, जाहिरातीत सरांचा फोटो, वह्यांच्या कव्हरवर सरांचा फोटो, हाताची घडी घातलेला. सर ॲडमिशन घ्यायचे, पालकांशी बोलायचे, आणि बॅचच्या पहिल्या दिवशी येऊन पंधरा मिनिटं भाषण करायचे. उरलेलं मी.

मी बोलकी नाही. इंग्रजी माध्यमात गेले म्हणून इंग्रजी फाडफाड बोलत असेन असं लोकांना वाटतं. मी कुठल्याच भाषेत फाडफाड बोलत नाही. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी टेबलावर एक वस्तू ठेवून गप्प उभी राहिले. समोर वीस बायका. अर्धं मिनिट कोणी बोललं नाही. मग सायखेड्याहून रोज एसटीने येणाऱ्या एक ताई होत्या, त्यांना शांतता सहन होईना. त्या म्हणाल्या, "मॅडम, व्हॉट इज? आता सांगा तरी!" आणि वर्ग सुरू झाला. नंतर मी तेच करत गेले. मी कमी बोलले की त्या जास्त बोलायच्या. हरसूलच्या आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंनी तीन महिन्यांत मला इंग्रजीत त्यांच्या सासूची सगळी कहाणी सांगितली. मी फक्त "अँड देन?" एवढंच म्हणत होते.

गेल्या दिवाळीत मी क्लास सोडला. घरी काम आहे असं सांगितलं. काम काही नव्हतं. सरांनी नव्या जाहिरातीत 'सर स्वतः घेणार सकाळची खास बॅच' असं छापलं होतं आणि ती बॅच मीच घेत होते.

तर पाचवा की सहावा एजंट टिकला. तो चिनी होता, तरुण, मेसेजमध्ये खूप उद्गारचिन्हं टाकणारा. हुनान प्रांतातल्या एका शहरातली खासगी प्राथमिक शाळा शिक्षक शोधत होती. ते शहर मी नकाशावर शोधलं. नाशिकपेक्षा मोठं दिसत होतं, पण एजंट म्हणाला, छोटं आहे, परदेशी लोक तिथे यायला तयार नसतात, म्हणून तुमचा विचार होऊ शकतो! त्याने हे चांगली बातमी म्हणून सांगितलं होतं आणि मी ती तशीच घेतली.

त्याने फोटो मागितला. कॉलनीतल्या स्टुडिओत गेले. फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि न विचारता माझा चेहरा दोन पायऱ्या उजळ केला.

"हे काढा," मी म्हटलं.

"काय काढू?"

"रंग."

"ताई, स्थळासाठी ना? सगळे असाच नेतात."

"नोकरीसाठी आहे."

"मग तर पाहिजेच," तो म्हणाला. मी तिथेच उभी राहिले. त्याने शेवटी पहिल्यासारखा केला, पण फोटो पाकिटात घालताना मान हलवत होता, जणू मी शिजवलेली भाजी सोडून कच्चीच मागितली होती. एजंटनेही तेच विचारलं, याच्यापेक्षा ब्राइट फोटो आहे का! मी लिहिलं, नाही. त्याच्या फॉर्ममध्ये उंची होती, वजन होतं, लग्न झालं आहे का होतं. घरच्या माणसाचा फोन नंबरही होता, तातडीच्या वेळी लागतो म्हणून. मी आईचा दिला.

मग डेमो. एजंटने मला नमुन्याचे व्हिडिओ पाठवले. त्यात सोनेरी केसांचे तरुण उड्या मारत होते, हातात बाहुल्या घालून गात होते. खाली त्याने लिहिलं होतं: मोठं हसा! गाणं म्हणा! एनर्जी! मी ते व्हिडिओ दोनदा पाहिले. आरशासमोर एकदा करूनही पाहिलं. आई दारातून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुला?"

उड्या मारायच्या नाहीत, हे मी तेव्हा ठरवलं. नोकरी गेली तर जाऊ दे. रोज उड्या माराव्या लागणार असतील तर ती मला जमणारच नव्हती, मग पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

व्हिडिओ कॉलवर तिघी होत्या. दोन तरुण शिक्षिका आणि मधोमध इंग्रजी विभागाच्या मुख्य बाई, पन्नाशीच्या, कापलेले केस, हातात चहाचा काचेचा थर्मास. एजंट कोपऱ्यातल्या चौकोनात. मुख्य बाई म्हणाल्या, आम्ही आठ वर्षांची मुलं आहोत, सुरू करा.

मी टेबलावर पुरणयंत्र ठेवलं.

आईचं, पितळी, दांडा फिरवायचं. मी ते कॅमेऱ्यासमोर सरकवलं, दांडा एकदा फिरवला, आणि गप्प बसले. एजंटच्या चौकोनातून भुवया वर जाताना दिसल्या. एक तरुण शिक्षिका दुसरीकडे बघून हसली. मी थांबले. थांबणं मला येतं.

"इज इट फॉर कॉफी?" शेवटी एकीने विचारलं.

"नो."

"इज इट फॉर मीट?"

मी नुसती मान हलवली. मग त्या दोघी एकमेकींत वाद घालायला लागल्या, इंग्रजीत, कारण चिनीत सुरुवात केली की मी हात वर करून थांबवत होते. मुख्य बाईंनी थर्मास खाली ठेवला. त्या म्हणाल्या, हे नूडल्सचं आहे, माझ्या आजीकडे असं होतं. मी म्हटलं, "ऑलमोस्ट." त्यांना राग आला. खरोखरचा, लहान मुलीसारखा. "व्हाय ऑलमोस्ट? टेल मी व्हाय!" पुढची दहा मिनिटं त्या तिघी बोलत होत्या. गोड असतं का, सणाला करतात का, बायकाच करतात का. मी शेवटी आईने केलेल्या पोळीचा फोटो दाखवला. मुख्य बाई तो बराच वेळ बघत राहिल्या.

कॉल संपल्या संपल्या एजंटचा मेसेज आला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही गायला नाहीत. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. मी फोन उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा परत मेसेज आला. मुख्य बाईंना तुम्ही हव्या आहात! पण सरकारी परवान्यासाठी दोन वर्षं शिकवल्याचं पत्र लागेल, शिक्का आणि सही असलेलं, आणि पत्र देणाऱ्याला शाळा स्वतः फोन करून विचारेल. पुढच्या बुधवारपर्यंत सगळे कागद हवेत, नाहीतर शाळा दुसरा माणूस घेईल.

पदवी होती. पोलिसांचा दाखला आला होता. राहिलं होतं ते सरांचं पत्र.

सरांच्या केबिनमध्ये मी सहा महिन्यांनी गेले. त्यांना फार आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. "चायना! वा! अगं बेटा, आधी सांगायचंस ना!" सर एरवी मला मॅडम म्हणत. बेटा म्हणाले की त्यांना काहीतरी हवं असतं, हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, पण त्या दिवशी मला पत्र हवं होतं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"किती वर्षं लिहू? पाच लिहितो. सेंटर हेड लिहू?"

"दोन वर्षं सात महिने. शिक्षिका."

"अगं, एवढ्यावर कोण घेणार? आपल्याकडे काय, सगळे वाढवूनच लिहून नेतात. परवाच एकाला सात वर्षांचं दिलं. तो आला होता तीन महिने."

"मला खरं तेवढंच पाहिजे, सर."

त्यांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी घेऊन जा. लेटरहेड संपलंय, छापायला टाकलंय."

शुक्रवारी दुपारी आईने बाजारातून येताना फोन केला. ती रस्त्यावर होती, मागे हॉर्न वाजत होते. "अगं, सिग्नलला तुझा फोटो लागलाय! एवढा मोठा!"

मी गेले. सिग्नलच्या कोपऱ्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या दोन फ्लेक्सच्या मधोमध माझा चेहरा होता. क्लासच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि तोही गोरा केलेला. शेजारी सर, माझ्या दुप्पट आकाराचे, हाताची घडी. वर लिहिलं होतं: 'हार्दिक अभिनंदन! आमच्या क्लासची गुणवंत विद्यार्थिनी आता चीनमध्ये इंग्रजी शिक्षिका!' खाली: 'तुम्हीही घडू शकता. रविवारी सकाळी दहा वाजता मोफत डेमो लेक्चर. सर स्वतः घेणार.'

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि घरी आले. माझ्याच चेहऱ्याखालून चालत जाताना मला कोणी ओळखलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती.

सरांना फोन केला. आवाज चढवता येत नाही मला, चढवायला गेले की तो कापतो. मी म्हटलं, "सर, मी विद्यार्थिनी नव्हते."

"अगं बेटा, जाहिरात आहे ती. शिक्षिका गेली म्हणून लिहिलं तर पालक विचारतील, मग आता शिकवतं कोण? विद्यार्थिनी गेली म्हटलं की ॲडमिशन होतात. त्यात तुझं काय गेलं? फुकट प्रसिद्धी झाली."

त्यांचं म्हणणं इतकं नीट जुळलेलं होतं की मला लगेच काही सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं. तसंच होतं माझं.

आईला मी काही बोलले नाही आणि ती चूक माझी. तिने फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता, कोणा रिक्षावाल्याकडून, आणि तो आपल्या फोनवर स्टेटसला लावला होता. हात जोडलेल्या तीन खुणांसकट. तो तिच्या भावजयींनी पाहिला, भिशीच्या बायकांनी पाहिला, आणि एजंटनेही पाहिला. कारण त्याने तातडीच्या वेळी लागतो म्हणून तिचा नंबर साठवून ठेवला होता, आणि त्याचा फोन आला तर कळावं म्हणून तिने त्याचा.

शनिवारी सकाळी त्याने मला तोच फोटो पाठवला. फोनचा कॅमेरा धरून मराठीचं भाषांतर केलेलं होतं, अक्षरांवर अक्षरं चढलेली. त्यातला एक शब्द त्याने लाल वर्तुळात घातला होता. स्टुडंट. खाली लिहिलं होतं: तुम्ही तिथे शिकवत होता की शिकत होता? मुख्य बाईंना दाखवावं लागलं. सॉरी. शाळा विचारते आहे.

मी लिहिलं, शिकवत होते. पत्र सोमवारी येईल.

त्याने लिहिलं, पत्र देणारा माणूस तोच ना? फोटोत आहे तो?

म्हणजे पत्र आलं तरी आता त्याला काही अर्थ नव्हता. एकाच माणसाने गावात एक लिहायचं आणि कागदावर दुसरं, तर पलीकडच्यांनी कागद का खरा मानावा? मीही मानला नसता.

आईला सांगितलं तेव्हा ती पलंगावर बसली. "मी आत्ता काढते स्टेटस," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मला वाटलं, तू आधी तिथे शिकली असशील आणि मग लागली असशील." दोन वर्षं सात महिने मी रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन घरातून निघत होते. मी तिच्यावर चिडणार होते, पण आठवून पाहिलं, तर मी तिला क्लासबद्दल सांगितलेलं एक वाक्यही मला आठवेना.

त्या दुपारी मी ठरवलं, की फ्लेक्सवर विद्यार्थिनी लिहिलंय तर विद्यार्थिनी म्हणून जायचं.

रविवारी दहाला पाच कमी असताना मी क्लासचा जिना चढले. पायाला चप्पल चिकटत होती, इतका घाम. हॉल भरला होता. पालक, मुली, मागे उभी असलेली माणसं. मी वही काढली, पेन काढलं आणि पहिल्या बाकावर मधोमध जाऊन बसले. शेजारची दहावीची मुलगी सरकून मला जागा देत म्हणाली, "तुमची पण ॲडमिशन आहे?"

"हो," मी म्हटलं.

सर आले, टाय लावून. नमस्कार करत करत व्यासपीठावर चढले आणि मला पाहून क्षणभर थांबले. मग त्यांना वाटलं असावं की मी कौतुकाला आले आहे. "आज आपल्यात स्वतः त्या उपस्थित आहेत!" ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी उठले नाही. वहीवर तारीख घातली.

त्यांनी काळ शिकवायला घेतले. सरांनी बरीच वर्षं वर्ग घेतला नव्हता. फळ्यावर तीन रकाने आखले आणि पहिलंच वाक्य लिहून ते वळले, तर मी ते वहीत उतरवून घेत होते आणि मान वर करून पुढच्याची वाट बघत होते. एवढंच करत होते मी. दुसरं वाक्य लिहिताना त्यांनी खडू मोडला. तिसऱ्याला त्यांनी फळा पुसला.

सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, अनुभव सांगायला. त्यात सायखेड्याच्या ताई होत्या, भिंतीकडेला उभ्या. त्यांनी मला मागून ओळखलं नव्हतं. आता पुढे आल्या, आणि त्यांचा आवाज तुम्ही ऐकला असता तर कळलं असतं, त्यांना बोलतं करणं मला इतकं सोपं का जायचं.

"ओ मॅडम! तुम्ही खाली बसल्या?"

हॉल वळला.

"आज समदं उलटंच हाय की! शिकवणारी बाकावर अन्..." त्यांनी सरांकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. पण ताईंना गिळलेलं फार वेळ पोटात ठेवता येत नाही. "सर, तो बोर्ड कोणी लिवला? ह्या कवा शिकत होत्या हितं? ह्यांनी शिकवलं आम्हाला. मला तर ए-बी-सी-डी येत नव्हतं नीट, आता मी माझ्या मुलाच्या शाळेत जाऊन इंग्लिशमधी भांडते!"

कोणी तरी हसलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शिकवतं कोण इथे?"

"टीमवर्क असतं हो," सर म्हणाले.

"ते झालं. पण आमच्या मुलीला कोण शिकवणार?"

सर टाय सैल करायला लागले. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मॅडम, बोला ना तुम्ही! का नुसत्या बसल्यात?"

मी उभी राहिले. मी मराठीत बोलले, कारण इंग्रजीत बोलले असते तर लोकांनी उच्चार ऐकले असते. "मी इथे विद्यार्थिनी नव्हते. दोन वर्षं सात महिने शिकवत होते. फ्लेक्सवर चुकीचं लिहिलं आहे." आवाज कापला. कापला तर कापला. सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि मी बसले. निघून जावंसं वाटत होतं, पण डेमो लेक्चर अजून संपलं नव्हतं, आणि मी शेवटपर्यंत बसायचं ठरवून आले होते.

नंतर केबिनमध्ये सर बराच वेळ रुमालाने मान पुसत होते. "हे असं करायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले. बेटा गेलं होतं, तू गेलं होतं. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते, वही मांडीवर.

"फ्लेक्स उद्या उतरवा," मी म्हटलं. "आणि पत्र."

"नवीन फ्लेक्स करू? शिक्षिका म्हणून? तुमचा फोटो मोठा टाकू."

"नको."

लेटरहेड संपलेलं नव्हतं. खणात गठ्ठा होता. त्यांनी टाइप केलं, मी स्क्रीनवर वाचलं, तारखा एकदा दुरुस्त करायला लावल्या. एका ठिकाणी त्यांनी 'उत्कृष्ट' घातलं होतं. मी म्हटलं, ते तुम्हाला कुठून कळलं? त्यांनी ते खोडलं. शिक्का मारताना त्यांनी दोनदा दाबला, उठला नाही म्हणून.

मंगळवारी सकाळी शाळेचा फोन येणार होता. सरांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही या. मला एकट्याला नको." मला त्यात शहाणपण वाटलं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

आवाज ऐकताच मुख्य बाई थर्माससकट डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही. तुमच्या बोर्डावर स्टुडंट आहे आणि पत्रात टीचर. कुठलं खोटं आहे?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते इंग्रजीत अडकले की मी शब्द पुरवायचा, ही आमची जुनी सवय होती, पालकांसमोरसुद्धा. मी खिडकीबाहेर बघितलं.

"बोर्ड," सर म्हणाले. "बोर्ड इज रॉंग. शी वॉज टीचर."

"इज शी अ गुड टीचर?"

सरांनी फोन थोडा जवळ ओढला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं, गुळगुळीत येणार. सर खूप हळू, शब्द शोधत म्हणाले, "आय डोन्ट नो. आय नेव्हर सॅट इन हर क्लास. पण..." ते थांबले आणि 'पण'चं इंग्रजी करून पुढे म्हणाले, की बायका लांबून यायच्या, आणि मी गेल्यावर त्यातल्या बऱ्याच यायच्या बंद झाल्या.

मग बाई म्हणाल्या, थँक यू, आता मला कळलं. फोन बंद झाला. सरांनी पाणी मागवलं, मला आणि स्वतःला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या केबिनमध्ये मी पाणी प्यायले.

परवाना पाच आठवड्यांनी आला. फोटो तोच लागला आहे त्यावर, स्टुडिओवाल्याने मान हलवत दिलेला. विमान पुढच्या महिन्यात आहे. मावशी अजून विचारते, खाणार काय. बाबांनी हुनानचं हवामान रोज बघायला सुरुवात केली आहे आणि जेवताना सांगतात, आज तिकडे पाऊस आहे. आईला मी आता क्लासमधल्या गोष्टी सांगते, जुन्या. नर्सबाईंच्या सासूची कहाणी तिला फार आवडली.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. एक मुलगी होती, आवाज इतका बारीक की मला दोनदा विचारावं लागलं. सरांनी तिला माझ्या जागी घेतलं आहे. सकाळची बॅच, अकराची, संध्याकाळच्या दोन. सायखेड्याच्या ताईंनी तिला माझा नंबर दिला होता. तिने विचारलं, वर्गात बायका फार गप्प बसतात, काय करू?

"तुम्हाला नेमणुकीचं पत्र दिलंय का?" मी विचारलं.

"नाही. सर म्हणाले, तीन महिन्यांनी बघू."

"उद्या मागा. तारीख घालून. शिक्षिका असं लिहून घ्या. मग वर्गाचं बोलू आपण."

मग म्हणाली, "सर चिडतील का, मॅडम?"

"चिडतील," मी म्हटलं. "चिडू दे. तुम्ही उठू नका खुर्चीवरून."